चुना लावणाऱ्यांचं घर

कारंबवाडी, ता. वेल्हे
१२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी घरातल्या एकेकाचं सांग, मग बाकीचं. तुझ्या बापाचा, कुमारचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाला होता. त्याला म्हणावं, वाजतंय तोवर चालतंय, गप्प झालं की डॉक्टर गाठ. तुझ्या आईचं पित्त उतरलं का? सकाळचा उपाशीपोटीचा चहा सोडला नसेल तर उतरायचं नाही, हे तिला माझ्या नावानं सांग, तुझ्या नावानं सांगितलंस तर ऐकायची नाही. धाकट्या स्वरूपचा खोकला थांबला का? आणि तू झोपतेस ना वेळेवर? मागच्या खेपेला डोळ्यांखाली काजळी धरली होती, कंदिलाच्या काचेला धरते तशी.

मी बरी आहे. डावा कान गेला तो गेलाच, उजवा अर्ध्यावर आला आहे. म्हणून म्हणते, मोबाईल करू नकोस, लिहीत जा. मोबाईलवर तुझा आवाज पत्र्यावर हरभरे सांडल्यासारखा येतो, त्यातला एक दाणा हाती लागत नाही. कागदावर बोललीस की मला दोनदा ऐकता येतं.

परड्यातलं दगडी चाक कशाचं म्हणून विचारलंस. दिवाळीत आलीस तेव्हा फोटो काढत होतीस, मला वाटलं कोंबडीचे काढतेस. ते घाणीचं चाक. तू लिहितेस, तेलाची घाणी असेल का. अगं, माझ्या छातीला लागेल एवढं चाक, त्याला तेल पुरवायला अख्ख्या तालुक्याचे कारळे आणावे लागतील. ही चुन्याची घाणी. जमिनीत गोल चर खणायचा, तो दगडानं बांधून घ्यायचा, त्यात हे चाक उभं करायचं. चाकातून दांडी, दांडीला रेडा. चरात भाजलेला चुना, वाळू, विटांची पूड आणि पाणी. मग लोण्यासारखं होईस्तोवर रेडा फिरवत राहायचं. सिमेंट यायच्या आधी बांधकामाला हेच लागायचं.

माझे सासरे, म्हणजे तुझे पणजोबा चिमाजी, या घाणीवर कामाला होते. साहेबाच्या राज्यात खाली नदीवर धरण झालं, तेव्हा. काम आटोपलं, साहेब गेला, चाक चिखलात पडून राहिलं. ते मामंजींनी बैलांच्या जोड्या लावून वर आणलं. लोक म्हणाले, ह्याचं काय लोणचं घालणार? मामंजी म्हणाले, घालीन नाहीतर नुसतं बघीन.

आता गावात आपल्या घराला काय म्हणतात आणि का, हे तुझ्या बापानं तुला सांगितलंच असेल. नसेल तर विचार त्याला. त्यानं सांगितलं की पुढचं मी लिहिते. पण तुला हे आत्ताच कशाला हवं झालं? ऑफिसचं काम म्हणालीस. कसलं काम?

तुझी सगुणाआजी

*

पुणे
१ डिसेंबर २०२४

ती. सगुणाआजी, नमस्कार.

बाबांचा गुडघा अजून वाजतोय, म्हणजे तुझ्या हिशेबानं ठीक आहे. आईनं चहा सोडलेला नाही. स्वरूपचा खोकला गेला. मी झोपते, पण उशिरा.

कामाचं सांगते. आमचं ऑफिस प्रदर्शनं मांडतं, माहितीच्या पाट्या तयार करतं. आमच्या मुख्य सौदामिनीताई मूळच्या भोरच्या. शिवऱ्याला महामार्गाच्या कडेला एक मोठं उपाहारगृह होतंय, त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत भोर-वेल्ह्यातल्या जुन्या उद्योगांच्या वस्तू मांडायच्या आहेत. प्रत्येक वस्तूशेजारी तिची गोष्ट सांगणारी पाटी. मी आपल्या चाकाचा फोटो दाखवला आणि ताई खुर्चीतून उठल्याच. म्हणून तुला विचारलं. कामासाठी विचारलं खरं, पण आता मला आपलंच जाणून घ्यायचं आहे. आपण कोण, कुठले, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही.

तू म्हणालीस म्हणून बाबांना जेवताना विचारलं, "गावात आपल्याला काय म्हणतात?" बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेले. आई म्हणाली, "नको काढूस ते."

मग मी गोरखकाकांना फोन केला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष, त्यांना गावचं सगळं ठाऊक असतं. आधी नुसतं हं हं केलं. मग म्हणाले, "चुनलावे म्हनत्यात तुमच्या घराला. राग नगं धरूस पोरी, पन तुज्या पणज्यानं गावाला चुना लावला. धरनाच्या सायबाशी आतून बोलनी केली, लोकांचे अंगठे घेतले, आन गाव पान्यात घातलं."

आजी, हे खरं आहे का? मी रात्रभर तळमळले. आपण फसवणाऱ्याच्या घरातले, हे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी फोनवर कळावं? खरं असलं तरी मी कुणाला सांगणार नाही. पाटीवर पणजोबांचं नावच घालत नाही. चाक देखणं आहे, तेवढं पुरे.

तुझी प्रेरणा

*

कारंबवाडी
१४ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणा,

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. करपलेलीच खाल्ली. रागाबरोबर चांगली लागते.

अगं, तू एवढी शिकलेली, मग एका शब्दाला अशी कशी भुललीस? गावाला चुना लावला म्हणे. त्यांनी धरणाला चुना लावला. खराखुरा, पांढरा, बोटांची सालं काढणारा चुना.

दगडी भिंतीत दोन दगडांमध्ये जी फट राहते तिला दरज म्हणतात. मामंजी आधी घाणीवर होते, मग मुकादमानं त्यांचा हात बघितला आणि त्यांना दरजा भरायला घेतलं. दोराला फळी बांधायची, भिंतीवरून खाली लोंबकळायचं आणि थापीनं दरजेत चुना लावत जायचं. कामावर चिमाजी नावाची बरीच माणसं. म्हणून मुकादम हाक मारायचा, "चुना लावे चिमाजी, इकडं ये." त्याचं चुनलावे झालं. कामावरचं नाव होतं ते. मामंजी ते सांगताना मिशीवरून हात फिरवायचे, हे मी या डोळ्यांनी बघितलं आहे.

मग धरण भरलं. खालचं कारंब बुडालं, आपलं घरसुद्धा बुडालं. गाव वर येऊन डोंगराला गोचडीसारखं चिकटलं. भाताची खाचरं गेली, वाट्याला उतारावरची नाचणी आली. माणसाला राग आला की तो ठेवायला जागा लागते गं. साहेब तर निघून गेलेला. पाण्याला शिव्या दिल्या तर पाणी हलतसुद्धा नाही. मग लोकांना हे नाव सापडलं, जिभेवर आयतंच होतं. आधी थट्टेत म्हणायचे, मग खोचून म्हणायला लागले, मग त्यांच्या पोरांनी ते खरंच धरलं. आता तिसऱ्या पिढीला चुना पांढरा असतो हेसुद्धा ठाऊक नाही. त्यांना चुना म्हणजे फसवणूक. अंगठे घेतले हे गोरखनं कुठून आणलं ते त्यालाच ठाऊक. नावाला गोष्ट हवी, म्हणून कुणीतरी जोडली असेल.

आणि एक गोष्ट मी झाकणार नाही, तूही झाकू नकोस. मामंजी धरणावर होते. आपल्याच घरावर येणाऱ्या पाण्याची भिंत त्यांनी आपल्या हातांनी सांधली. पण एकटे होते का? तुला माहीत आहे, आपल्याकडे आडनावापेक्षा जागेवरून घर ओळखतात. तर खळ्यावरचे तिथं दगड फोडत होते. आंब्याखालच्यांच्या बायका घमेली वाहत होत्या. विहिरीवरचे पाणी भरत होते. पोट कुणाला नाही? सगळं गाव त्या भिंतीवर राबलं. फरक एवढाच, की दगड फोडणाऱ्याच्या कामाची शिवी होत नाही आणि चुना लावणाऱ्याच्या कामाची होते. मामंजींना कुणी धरून दिलं असेल तर ते आपल्या मराठी भाषेनं.

तुझा बाप घास टाकून का उठला तेही सांगते. चैत्रात भैरोबाची यात्रा असते, तिच्यात मानाची हाळी होते. देवळाच्या पायरीवरून एकेका घराचं नाव पुकारतात. ज्याचं नाव येईल त्यानं पुढं व्हायचं आणि मानाचा नारळ घ्यायचा. गाव वर आल्यापासून आपलं घर पुकारत नाहीत. नारळ मिळतो, नाही असं नाही. हाळी संपली की कुणीतरी कुंपणावरून देऊन जातं, उरलेलं कालवण द्यावं तसा. कुमार मिसरूड फुटायच्या वयाचा होता तेव्हा एकदा नाव पुकारलं नसतानाच पुढं गेला. सगळं देऊळ हसलं. तेव्हापासून तो यात्रेला आलेला नाही.

मी मात्र या घरात सून होऊन आले त्या वर्षापासून हाळी होईतो तिथं उभी असते. मामंजी सांगून गेले आहेत, "सगुणे, मान मागायचा न्हाई, पन जागाबी सोडायची न्हाई." मला डोळे मिटायच्या आत आपलं घर पुकारलेलं ऐकायचं आहे. आणि ज्या नावानं हिणवलं त्याच नावानं ऐकायचं आहे. तेव्हा तुझ्या पाटीवर पणजोबांचं नाव घाल, आणि पुढं चुनलावे असं चांगलं ठसठशीत अक्षरात लिही. शिवऱ्याला लिहिलेलं गावाला वाचावंच लागेल.

थंडी आहे. कान बांधून फिरत जा.

सगुणाआजी

*

पुणे
२० जानेवारी २०२५

ती. सगुणाआजी, नमस्कार.

हे पत्र खरं तर पेढ्यांच्या पुड्याबरोबर पाठवायला हवं होतं. या चैत्रात आपलं घर पुकारणार आहेत. गोरखकाकांनी शब्द दिलाय.

कसं झालं ते सांगते, पण शेवटपर्यंत वाच. धरणाच्या कामावरचं चाक म्हटलं तर महामार्गावर गाडी थांबवून कोण बघणार, असं सौदामिनीताईंचं म्हणणं पडलं. तोरणा जवळ, राजगड जवळ, आणि गडांवर अशाच चुन्याच्या घाणी आहेत. तर मी पाटीवर 'शिवकालीन चुन्याची घाणी, गडाच्या बांधकामातली' असं लिहिलं. तुझ्यापासून लपवत नाही, हा मजकूर मी तुझं दुसरं उत्तर यायच्या आधीच देऊन बसले होते. तेव्हा मला चुनलावे नावामागचं खरं काही माहीतच नव्हतं. नंतर माहीत झालं, पण तोवर पाटी छापून आली होती.

गोरखकाका कामानिमित्त शिवऱ्याला गेले आणि त्यांनी आपल्या चाकाच्या फोटोसकट ती पाटी पाहिली. मला लगेच फोन. "आगं, हे आदी सांगायचं की. गडाच्या कामावरचं घर म्हंजी मानाचंच घर. आमाला काय ठावं?" आता यात्रेत ते आपल्याला 'गडावरचे' म्हणून पुकारणार आहेत. चुनलावे हे नाव कायमचं पुसलं जाईल, आजी. तू इतकी वर्षं ज्यासाठी उभी राहिलीस ते होतंय.

चाक न्यायला ५ फेब्रुवारीला टेम्पो येईल. गोरखकाका सोबत असतील, तुला काही करायचं नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी भात पुन्हा मागून घेतला.

तुझी प्रेरणा

*

कारंबवाडी
८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणा,

टेम्पो आला होता. रिकामा गेला.

मी चाकावर बसून हुलगे निवडत होते. चाक आडवं पडलेलं आहे, बसायला ओट्यासारखं. गोरख आला, मागं चार हमाल, त्यांच्या हातात पहारी आणि दोर.

गोरख म्हणाला, "काकी, उठा जरा. चाक न्यायचंय."

म्हटलं, "हुलगं व्हायचंत अजून."

"किती येळ लागंल?"

"खडं लई हायती औंदा."

हमाल बिचारे सावलीला टेकले. मी त्यांना चहा दिला, त्यांचा काय दोष. गोरख उभाच. जरा वेळानं म्हणाला, "काकी, तुमच्या घराचं भलं होतंय आन तुमीच आडव्या येताय. गडावरचं घर म्हनून पुकारतो की तुमाला. अजून काय पायजे?"

"गडावर कोन गेलतं रं आमच्यातलं?"

"कोन बघाय गेलंय, गेलतं का न्हाई गेलतं?"

"म्या बघितलंय, कुठं गेलतं ते. मामंजी धरनाच्या घाणीवर हुतं. आन त्या घाणीचा रेडा कोन हाकीत हुतं, सांगू? तुजा आजा."

हमालांतला एक फिदकन हसला. गोरखचं तोंड विझवलेल्या चुन्यासारखं झालं, वरून गार दिसतं आणि आत रटरटतं. म्हणाला, "जुनं उकरून कुनाचं भलं झालंय, काकी?"

म्हटलं, "मग तू कशाला शिवकाळापर्यंत उकरत गेलास? मदी धरनापाशी थांबायचं हुतंस."

चहाचे कप धुवायला लागायच्या आत टेम्पो वळला.

आता प्रेरणा, तुझ्याशी बोलायचं ते उघड बोलते. आपल्या घरात चिमाजीनं चुना लावला तो दगडाला. माणसांना चुना लावणारी घरातली पहिली तू. गाव इतकी वर्षं खोटं बोलत होतं, ते तू या एका पाटीनं खरं करून दाखवलंस.

वाईट वाटलं असेल. वाटू दे, पण रडत बसू नकोस. तुझा जीव माझ्यासाठी तुटला म्हणून तू हे केलंस, एवढं मला कळतं. पण पोरी, गड आपल्या जागी थोर आहे, त्याला माझ्या परड्यातल्या दगडाची उसनवारी नको. आणि मामंजींना गडाचा टेकू नको. भर उन्हात दोराला लोंबकळून भिंत सांधणारा माणूस कमी कशानं झाला? त्याच्या हाताचं काम दुसऱ्याच्या नावावर घालायचं आणि वर नारळ खायचा, हे माझ्या घशाखाली उतरायचं नाही. गडावरचे म्हणून पुकारलं तर मी जागची हलणार नाही, हे गोरखलाही सांगून ठेवलं आहे.

पाटीचं काय करतेस ते तू ठरव. चाक मी ठरवलं.

सगुणाआजी

*

पुणे
१० मार्च २०२५

ती. सगुणाआजी,

उत्तराला महिना लागला. आधी तुझ्यावर चिडले होते. मग तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि चिडायला तू सापडेनास.

सौदामिनीताईंना सांगितलं की मजकूर खोटा आहे. त्या म्हणाल्या, "खोटा नाही म्हणायचं प्रेरणा, अंदाज म्हणायचं." मी म्हटलं, "मला खरं माहीत असताना मी अंदाज कसा करू?"  शेवटी त्यांनी पाटी काढली. मी नवा मजकूर दिला होता. 'चुन्याची घाणी. धरणाच्या बांधकामातली. या घाणीवर आणि धरणाच्या भिंतीवर चिमाजी चुनलावे आणि कारंब गावातल्या घराघरांतल्या माणसांनी काम केलं. धरण भरल्यावर त्यांचंच गाव पाण्याखाली गेलं.' तो त्यांनी घेतला नाही. जेवायला थांबलेल्या लोकांना हे वाचून घास गोड लागणार नाही म्हणे. चाकाच्या जागी आता शोभेच्या झाडाची मोठी कुंडी आहे.

गोरखकाकांनाही मीच फोन केला आणि खरं सांगितलं. ते तिखट झाले. "मग हाळी न्हाई. गडावरचे म्हना, न्हायतर गप ऱ्हावा." म्हणजे माझ्यामुळे मिळत होतं तेही गेलं.

आणखी एक. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ९ एप्रिलला ठरलंय. यात्रेला मी येऊ शकणार नाही. आजी, या वर्षी तू घरीच थांबशील का? टेम्पो परत पाठवल्यापासून गाव तुझ्यावर डूख धरून असेल. एकटी उभी राहिलीस तर लोक हसतील. बाबा पण म्हणाले, "माझ्या आईला थांबव."

प्रेरणा

*

कारंबवाडी
१६ एप्रिल २०२५

चि. प्रेरणा,

कुमार कसा आहे? वाकवतो का पाय? डॉक्टर सांगतील तेवढं चालायला लाव, लाड करू नका. तुझी आई दवाखान्यात जागरणं करत असेल, तिला आता तरी चहावर पोळी खायला सांग. स्वरूप मदतीला आहे ना? आणि तू खातेस ना नीट?

मी यात्रेला गेले होते. तू थांब म्हणालीस ते वाचलं होतं. वाचून घडी घालून ठेवलं.

माझ्या जागेवर उभी राहिले. हल्ली हाळी माइकवरून देतात, त्यामुळे मलासुद्धा ऐकू येते. गोरख पायरीवर, फेटा बांधलेला. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सुरुवात केली. "खळ्यावरचे."

ते पुढं झाले आणि मी म्हटलं, "दगड फोडनारे."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. सगळ्यांच्या माना वळल्या. खळ्यावरचा अमृत नारळ हातात घेऊन तसाच थांबला, पुढं जावं का मागं ते त्याला कळेना.

गोरखनं पुढचं नाव घेतलं. "आंब्याखालचे."

म्हटलं, "घमेली वाहनारे."

आंब्याखालच्या चंद्राबाईनं पदर खोचला. "सगुणे, तोंड आवर. द्येवाच्या दारात शिव्या देतीस व्हय?"

"शिवी कुठाय त्यात? तुजी आजेसासू घमेली वाहून पोरं जगवीत हुती. म्या तिचा मान पुकारतीया."

"तुला कुनी इचारलंय?"

"आमाला कुनी इचारत न्हाई, म्हनून आमीच बोलतो."

चंद्राबाईनं नारळ घेतला आणि पाठ फिरवली ती फिरवलीच. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारीला घरी न्या." कुणी नेलं नाही. न्यायला कुणी धजेल असं मला वाटतही नव्हतं.

"विहिरीवरचे," गोरख म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गेनबा उठला. विहिरीवरचा गेनबा तुला आठवतो ना, काठी टेकत फिरतो, माझ्याहून थोडा मोठा. तो स्वतःच म्हणाला, "पानी भरनारे. आमचा म्हातारा. त्याच्या खांद्याला घट्टा हुता कावडीचा. म्या ल्हान असताना त्यावर बोट फिरवायचो." आणि पुढं जाऊन नारळ घेतला, कपाळाला लावला.

मग काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. पुढच्या नावाला एक बाई उठली आणि म्हणाली, भट्टीला लाकडं आणणारे. त्याच्या पुढचा म्हणाला, वाळू उपसणारे. कुणाला ठाऊक नव्हतं ते शेजारच्याला विचारायला लागले, "आपलं काय वो?" काही जण रागानं निघून गेले, खोटं कशाला सांगू. पण जे राहिले त्यांचा गलका एवढा वाढला की गोरखला दोनदा माइकवर गप्प बसा म्हणावं लागलं.

शेवटचं नाव त्याच्या स्वतःच्या घराचं. "चावडीवरचे," तो म्हणाला आणि नारळ स्वतःच उचलला. मी मुद्दाम गप्प राहिले. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय आणि मी देवाकडं बघतेय.

गेनबा म्हणाला, "आन तुमचं, आध्यक्ष? तुमचा म्हातारा काय करीत हुता?"

माइक शीळ घालत होता. गोरखनं तो तोंडापासून लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "रेडा हाकायचा."

"कुठं?"

"घाणीवर."

"कुनाच्या?"

त्या घाणीचं चाक कुणाच्या परड्यात आहे ते सगळ्या गावाला ठाऊक; तो माझ्याकडं बघायला लागला. मी मदत केली नाही.  मग तो म्हणाला, "चुनलाव्यांच्या."

पायरीवरून, माइकमधून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला. मी पदर सावरला आणि पुढं झाले.

तो गडबडला. "काकी, म्या हाळी न्हाई दिली. गेनबाला उत्तर दिलं."

म्हटलं, "यात्रेला पायरीवरनं माइकात घराचं नाव घेतलं की तिला हाळीच म्हनत्यात. कमिटी तुजी, नेम तुजा. मोडायचा आसंल तर मोड, गाव बघतंय."

पहिल्यांदा हसला तो खळ्यावरचा अमृत. मग पुष्कळ जण हसले. कुमार पुढं गेला होता त्या वर्षी हसले होते तसं नव्हतं हे, एवढं त्याला सांग. गोरखनं नारळ माझ्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. मी वाकून उचलला. पायरीही देवाचीच, मला काही कमीपणा वाटला नाही. उचलताना मी मोठ्यानं म्हटलं, "धरनाला चुना लावनारे." माझ्या सासऱ्याच्या नावाला शेपूट कुणी का लावावं, ते मीच लावलं.

चंद्राबाई बोलत नाही. गोरख दिसला की वाट बदलतो. पुढच्या वर्षी आपलं घर पुकारतील की नाही ते भैरोबाला ठाऊक. नाही पुकारलं तर मी पुन्हा एकेकाचं काम सांगायला उभी आहे, आणि त्या वेळी तूही माझ्या शेजारी हवीस. कुंडीच्या जागी लावायचा होता तो तुझा मजकूर मला सुवाच्य अक्षरात लिहून पाठव. अमृत म्हणतो, तो चाकावर छिन्नीनं कोरून देईल. चाक परड्यातच राहील, ज्याला वाचायचं त्यानं कारंबवाडीला यावं.

नारळ फोडला. अर्धा वाळवून ठेवला आहे, पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर कुमारसाठी पाठवते. गुडघ्याला उपयोग नाही, पण चावायला द्या.

लवकर उत्तर लिही. आणि पाकिटावर या वेळेपासून 'सगुणाबाई चुनलावे, कारंबवाडी' एवढंच घाल. पोस्टमनला घर विचारत यावं लागू दे.

तुझी सगुणाआजी